घरच्याले गुण येत नाई

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले आणि डोकं मागून. वडनेर भोलजीच्या म्हाताऱ्या सुईणीनं त्या दिवशी आईला आणि मला, दोघींनाही वाचवलं. लक्षात ठेवायचं तर ते हे. पण गावानं लक्षात ठेवलं ते एवढंच की या घरात पायाळू पोरगी झाली. आमच्याकडे पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते असं मानतात. उसण म्हणजे पाठीत नाहीतर कमरेत अचानक भरणारी कळ. वाकलेला माणूस सरळ होत नाही आणि सरळ असलेला वाकत नाही. पायाळूला आणखीही बरंच काही चिकटवलेलं असतं. त्याला जमिनीतलं धन दिसतं म्हणे, त्याच्यावर वीज पडते म्हणे. धन मला आजवर दिसलेलं नाही. विजेचं मात्र आई मनावर घ्यायची. आभाळ गडगडलं की मी असेन तिथून मला ओढत घरात आणायची आणि धान्याच्या कोठीमागं बसवायची.

आज मी बुलढाण्यात लोकांच्या पाठी, माना, कमरा हातानं बघते. आधी फिजिओथेरपी शिकले, मग ऑस्टिओपॅथी. पायापासून सुरुवात केली आणि हातावर आले, असं मी स्वतःच गमतीनं सांगते. एका कमरेला मात्र मी वेळेत पायही लावला नाही आणि हातही नाही. ती माझ्या आईची कंबर, आणि ती बारा-तेरा वर्षं दुखत होती.

लहानपणी रविवार माझ्यासाठी सुट्टीचा दिवस नव्हता. उजाडायच्या आत कोणीतरी आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, येऊन बसलेलं असायचं. कधी निंदून निंदून कंबर धरलेली बाई, कधी पोतं उचलताना चमक भरलेला माणूस. नेम ठरलेले होते. पायाळूनं तोंड धुवायच्या आधी, पारोशानंच पाय लावायचा. दुखणाऱ्यानं उंबरठ्यावर उभं राहून दोन्ही हातांनी चौकट धरायची, तोंड बाहेर. मी आतून डावा पाय त्याच्या दुखऱ्या जागी तीनदा टेकवायचा. मग त्यानं मागं वळून न बघता, न बोलता निघून जायचं आणि घरी जाऊन पाणी प्यायल्यावरच तोंड उघडायचं. मी चार-पाच वर्षांची असताना माझा पाय कमरेपर्यंत पोचायचाच नाही, म्हणून आई मला काखेत धरून उचलायची. मी अर्धी झोपेतच असायचे. तळव्याला कोणाची तरी पाठ लागायची, कधी सदऱ्याची, कधी लुगड्याची. कोणती पाठ ताठरलेली आहे आणि कोणती भ्यालेली, हे पायाला कळायचं. की हे मी शिकल्यासवरल्यावर आता म्हणते आहे, ते मला नक्की सांगता येणार नाही.

मला त्या सगळ्याचा मनस्वी राग यायचा. शाळेत पोरं माझ्यापुढं पाठ करून उभी राहायची आणि म्हणायची, मार बे लाथ, कंबर धरली. मी खरंच मारायचे, आणि मग गुरुजींकडून मलाच मार पडायचा.

सगळ्या नेमांत एकच नेम मला आवडायचा. घरच्या माणसाला पायाळूचा गुण येत नाही, उलट दुखणं वाढतं. आमच्या घरात तेव्हा नऊ माणसं होती, आणि बाहेरचे रविवारची वाट तरी बघायचे, घरचे कशाला थांबले असते. आमच्या काकाची कंबर तर महिन्यातून दोनदा धरायची. तो कण्हत कण्हत माझ्याकडे बघायला लागला की आई चुलीपुढून म्हणायची, घरच्याले गुण येत नाई भाऊजी, तेल लावा. काका बिचारा तेल लावायचा. मी पांघरूण ओढून परत झोपायचे. आई स्वतः तर कधीच उंबरठ्यावर उभी राहिली नाही. दिवसभर कापूस वेचून, कमरेला बांधलेली जड ओटी रिकामी करून ती घरी यायची आणि लगेच पीठ मळायला बसायची. मला वाटायचं, तिची कंबर दुखतच नसेल.

सातवीत असताना एका रविवारी मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना ओला चेहरा दाखवला. दोन बायका लांबून चालत आल्या होत्या. आई रागावेल असं वाटलं होतं, तर तिनं त्यांना शांतपणे सांगितलं की पोरगी मोठी झाली, आता नाही लावत पाय. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि त्यानंतर मला रविवारी कोणी उठवलं नाही. तो विषय आमच्यात पुन्हा निघालाच नाही.

पुढं अमरावतीला फिजिओथेरपी केली. काही वर्षं नोकरी करून मग दर दोन महिन्यांनी पुण्याला जाऊन ऑस्टिओपॅथी शिकले. तिथं पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारलं होतं, या कामाकडे कसे वळलात. मी पायाळूचं सांगायला सुरुवात केली. 'उसण', 'चमक भरणे' हे शब्द ऐकूनच वर्गात हसू फुटलं, आणि माझ्या बोलण्याच्या हेलाला तर दाद दिल्यासारखे लोक हसले. मी वाक्य अर्ध्यात सोडून दिलं आणि म्हटलं, मला विज्ञानाची आवड होती. त्या दिवसापासून पायाळूची गोष्ट मी पुण्यात कुणाला सांगितली नाही. गंमत म्हणून सांगायला लागले ते फार पुढं, स्वतःचा दवाखाना झाल्यावर.

शिकवणारे सर मात्र हसले नव्हते. त्यांनी सहा महिने आम्हाला एकच गोष्ट करायला लावली. हात ठेवायचा आणि थांबायचं. दाबायचं नाही, चोळायचं नाही. श्वास कुठपर्यंत उतरतो, कुठं अडतो, कातडीखालचं काय सरकतं आणि काय धरून बसलंय, हे हाताला कळू द्यायचं. कंबर दुखते म्हणून कंबरच धरून बसायचं नाही; बरगड्या, पोट, माकडहाड, पाऊल, सगळीकडे बघायचं. मला थांबणं जमायचं नाही. माझा स्वभावच उतावळा. सर येऊन माझ्या हातावर आपला हात ठेवायचे आणि म्हणायचे, तुम्ही आत्ताच उत्तर देऊन टाकलंत, त्या पाठीला बोलू तर द्या. पुढं लोकांच्या पाठींच्या बाबतीत मला ते जमलं.

बुलढाण्यात दवाखाना काढला तेव्हा पाटीवरचा शब्द लोकांच्या जिभेला वळेना. पहिल्याच महिन्यात एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. त्यांनी पाटी 'अॅस्ट्रोपॅथी' अशी वाचली होती. मी त्यांना बसवून घेतलं. मुलीच्या मंगळाबद्दल मला काही सांगता आलं नाही, पण त्यांची मान बघून दिली आणि पुढच्या आठवड्यात ते शेजाऱ्याला घेऊन आले. बाकी लोकांनी मला आपलं सरळ 'हाडाची डॉक्टरीण' करून टाकलं. मी हाडं बसवत नाही, सरकलेली गादी जागेवर ढकलत नाही, हे सांगून सांगून दमले आणि सोडून दिलं.

मग करते काय? एक निवृत्त कंडक्टर यायचे. तीस वर्षं चालत्या एसटीत उभं राहून त्यांनी तिकिटं फाडली होती, बॅग कायम एकाच खांद्यावर. कमरेचे सगळे फोटो काढून झाले होते, त्यांत वयाप्रमाणे जे दिसायचं तेच दिसत होतं आणि गोळ्यांनी पोट बिघडलं होतं. मी त्यांना नुसतं उभं राहायला सांगितलं. ते माझ्या खोलीत पाय फाकवून, गुडघे ताठ करून, एका हातानं टेबल धरून उभे राहिले. मी म्हटलं, साहेब, तुम्ही अजून गाडीतच उभे आहात. ते हसले, आणि माझ्या हाताखालच्या त्यांच्या बरगड्या पहिल्यांदा मोकळ्या हलल्या. आठवड्यातून एकदा असे दोन-अडीच महिने गेले. हात ठेवणं, थोडं ताणणं, श्वास पोटापर्यंत उतरवायला शिकवणं, आणि उभं कसं राहायचं ते नव्यानं. दुखणं पुरतं गेलं नाही, ते मी त्यांना आधीच सांगितलं होतं. पण ते पाटावर बसून जेवायला लागले आणि मुख्य म्हणजे दुखण्याला भ्यायचे थांबले.

एवढंच माझं काम. पायाला बधिरपणा आला असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर मी हातही न लावता मोठ्या दवाखान्यात पाठवते. काहींना माझ्याकडे येऊन काहीच फरक पडत नाही, त्यांनाही तसं सांगते. पण ज्यांच्या फोटोत काही सापडत नाही आणि ज्यांचं घरी कोणी खरंही मानत नाही, अशांच्या दुखऱ्या जागेवर कोणीतरी नीट हात ठेवून अर्धा तास थांबलं, तर पुष्कळदा ते शरीर थोडं सैल सोडतं. झोप लागते. वाकता येतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्याबद्दल मला शंका नाही. आणि म्हणूनच आईचं आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

वडील गेल्यावर आई गावीच माझ्या भावाजवळ राहिली. कंबर नेमकी कधी दुखायला लागली ते तिलाही सांगता यायचं नाही. मला दिसली ती चौकट. आमच्या दाराच्या सागवानी चौकटीला, बाहेर जाताना उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर एक तेलकट, गुळगुळीत डाग पडला होता. आई येता-जाता तिथं थांबायची, चौकटीच्या कडेला कंबर लावायची आणि हळूहळू रगडायची. भाजी निवडून उठली की रगडायची, कोणाशी बोलताना रगडायची. लहानपणी ज्या उंबरठ्यावर लोक उभे राहायचे, तीच चौकट. मी ते पाहत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. तिची ती सवयच आहे, असं मी धरून चालले.

मी तिला अजिबात विचारलं नाही असं नाही. दवाखाना सुरू झाल्यावर पहिल्यांदा घरी गेले तेव्हा म्हटलं, चल, पालथी झोप, बघते. तिनं हसून मान हलवली.

"घरच्याले गुण येत नाई. बाहेरच्याइचं पाह्य तू."

मी म्हटलं, ते पायाचं होतं, हे हाताचं आहे, हे शिक्षण आहे.

"पाय काय अन् हात काय, तूच ना."

त्यावर मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. सहा दिवस लोकांच्या पाठी बघून मी राजूर घाट उतरून मोताळ्यावरून गावी यायचे ते आयतं जेवायला आणि झोपायला. शिवाय आमच्या घरात मोठं झाल्यावर कोणी कोणाला हात लावत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसतात, पण कपाळावर हात ठेवायचा तरी आधी इकडं तिकडं बघतात. परक्या बाईची पाठ उघडी करताना मला काही वाटत नाही, आईची म्हटल्यावर मी अवघडले. आणि त्याहून आतली एक गोष्ट होती. माझ्या हातानं तिला बरं वाटलं नाही तर, ही भीती. मग मी दरवर्षी एकदा विचारायचे, ती तेच उत्तर द्यायची, आणि विचारल्याचं समाधान घेऊन मी झोपायला जायचे. पायाळूच्या सगळ्या नेमांना नाकं मुरडणारी मी, हा एक नेम मात्र निमूट पाळत होते, कारण तो माझ्या सोयीचा होता.

हाताऐवजी मी वस्तू आणल्या. कमरेचा पट्टा आणला. तो ती पाहुणे आले की लुगड्यावरून बांधायची आणि पोरीनं आणला म्हणून दाखवायची. मलम आणलं. चित्रं काढलेला व्यायामाचा कागद आणला, तो तिनं जपून घडी करून तिखटमिठाच्या डब्याखाली घातला. पुढच्या वेळी मी विचारलं की व्यायाम करतेस का, तर म्हणाली, करते ना. ती कधी करत नव्हती हे मला माहीत होतं. मीही पुन्हा विचारलं नाही.

तिच्या शेवटच्या दिवाळीतली एक दुपार मात्र मला फार छळते. फराळाचं आटोपलं होतं. भाऊ कापसाच्या वेचणीला माणसं घेऊन शेतात गेला होता, घरात आम्ही दोघीच. मी सपरीत लोडाला टेकून फोन बघत होते. आई नेहमीसारखी चौकटीला कंबर लावून उभी होती. मग ती हळूच खाली बसली आणि तिनं विचारलं, तुझ्याकडे येतात त्या बायांना तू नेमकं काय करते. असं तिनं कधी विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं. मी फोन बाजूला ठेवला आणि सांगायला लागले. आधी उभं करून बघते, मग चालायला लावते, मग झोपवते. हात कुठं ठेवते, किती वेळ ठेवते, श्वास कसा बघते. ती मधेमधे विचारत होती. जोरानं दाबते का? दुखते का त्याइले? कपडे काढा लागते का? मी एकेकाचं उत्तर देत होते, वर्गात द्यावं तसं.

"दाखव बरं," ती म्हणाली.

शेजारी घडी करून ठेवलेली वाकळ होती. मी ती ओढली, गुंडाळली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून दाखवलं. ही कंबर समज, म्हटलं. एक हात इथं खाली, एक बरगडीवर. असं थांबायचं. आई टक लावून माझ्या हातांकडे बघत होती. तिचा स्वतःचा हात तिच्या कमरेवर होता. मी वाकळीवर हात ठेवून बराच वेळ थांबले, अगदी सरांनी शिकवलं तसं.

"बरं वाटत असन त्याइले," ती म्हणाली.

मी म्हटलं, वाटतं ना. आणि उठून चहा ठेवायला गेले.

तेव्हा मला काहीच कळलं नाही. जी बाई दवाखान्यात रोगी दारातून आत आला की त्याच्या चालीवरून दुखणं ओळखते, तिला समोर बसलेल्या आईचा प्रश्न कळला नाही. वाकळ आणि आईची पाठ यांच्यात दोन हातांचं अंतर होतं.

संक्रांतीच्या आठ दिवस आधी ती गेली. छातीत दुखायला लागलं आणि नांदुऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कमरेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे मला नीट कळतं, आणि कळून काही उपयोग होत नाही.

शेवटची आंघोळ घालताना बायकांनी मला तिला कुशीवर धरायला सांगितलं. मी एक हात खांद्यामागं घातला, दुसरा कमरेखाली. गेलेल्या माणसाचं अंग सगळीकडूनच ताठतं, त्यातून काही वाचू नये हेही मला ठाऊक आहे. पण हात ऐकेनात. उजवी बरगडी खाली कमरेच्या हाडावर आलेली, कणा त्या बाजूला झुकलेला, एक बाजू आखडलेली. बारा-तेरा वर्षं ती त्या बाजूला आक्रसून जगली होती. आणि नेमकी त्याच जागची कातडी तळहाताएवढी काळवंडून जाड झाली होती, चौकटीला रगडून रगडून. चौकटीवरचा डाग मी इतकी वर्षं पाहत होते. त्याचा जोडीदार तिच्या अंगावर आहे, हे त्या दिवशी पाहिलं. कोणीतरी पाणी ओतलं, कोणीतरी म्हणालं की पोरी, हात काढ आता, लुगडं नेसवायचं आहे. मला हात काढता येईना. दोन बायांनी मला धरून उठवलं.

त्या उन्हाळ्यापासून मी महिन्यातून एका रविवारी गावी बसते. सपरीत गादी घालते, सकाळी आलेल्यांच्या पाठी बघते. भावाला वाटतं, मी आईच्या आठवणीसाठी करते. ते खरं आहे, पण त्यात मोठेपणा काही नाही. मला घरी नुसतं बसवत नाही.

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी शेजारची काकू आली. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. ती आणि माझी आई दोघी माहेरच्या बीबी गावच्या, एकाच गल्लीतल्या. इतक्या लांबून दोघी एका गावात, एका भिंतीला पडल्या म्हणून त्यांचं सख्ख्या बहिणींसारखं होतं. काकूची पाठ वयामानानं चांगली होती. मी तिला कुशीवर झोपवलं, कमरेवर आणि बरगडीवर हात ठेवले आणि थांबले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, तुझ्या मायला पण एकदा असा हात लावायला पाहिजे होता.

मी म्हटलं, किती वेळा विचारलं काकू. ती ऐकायचीच नाही. घरच्याला गुण येत नाही म्हणायची. पायाळूचा नेम.

काकूनं डोळे मिटले. मला वाटलं तिला झोप लागली.

"तो नेम तुह्या मायनंच काढला होता वं," ती म्हणाली. "तू तीन-चार वर्साची असशीन. तुले ताप होता. तुह्या काकाची कंबर धरली, तर तो सकाऊनच तुले गोधडीतून उचलाले आला. तुही माय मधात उभी राह्यली अन् म्हने, घरच्याले गुण येत नाई, दुखनं वाढते. तुह्या आजीनं विचारलं, हे कोनं सांगतलं तुले? म्हने, आमच्या माहेरी असाच नेम हाय. आता मीबी तिच्याच माहेरची. आमच्या बीबीले असा काईच नेम नोता. पन मी कायले बोलू?"

माझे हात तिच्या पाठीवर होते तसेच राहिले. मी विचारलं, मग पुढं तरी तिनं मला खरं का सांगितलं नाही? मी मोठी झाले होते. स्वतःची कंबर दुखत होती तिची.

"मी म्हनलं ना तिले. या दिवाईतच म्हनलं. सांगून टाक पोरीले अन् घे हात लावून. तर म्हने, सहा दिवस लोकाइच्या पाठी पाह्यते, एक दिवस घरी येते. निजू दे तिले."

थोड्या वेळानं काकूनं विचारलं, काऊन थांबली वं? मी म्हटलं, थांबायचंच असतं. तिचं सगळं नीट पुरं केलं. उठताना कसं उठायचं, बादली कशी उचलायची, सांगितलं. ती उठली, पदर सारखा केला आणि जुन्या सवयीनं उंबरठा ओलांडून मागं न बघता, न बोलता गेली.

सपरीत अजून दोघी बसल्या होत्या. त्यांना जरा थांबायला सांगून मी चौकटीशी गेले. तो डाग अजून आहे. भावानं मधे घराला रंग दिला तेव्हा मी तेवढी जागा सोडायला लावली होती. मी तिथं दोन्ही हात ठेवून उभी राहिले. लाकूड गार होतं आणि गुळगुळीत.

दिवाळीत तिनं 'दाखव' म्हटलं ते काकूशी बोलण्याच्या आधी की नंतर, हे मी काकूला विचारलेलं नाही. विचारणारही नाही. आधी असेल तर तिला हात हवा होता आणि मी वाकळीला लावला. नंतर असेल तर तिनं स्वतःचाच नेम एकदा मोडायला बघितला, आणि मी तो मोडू दिला नाही. दोन्हींत मी कुठं होते ते मला माहीत आहे.

तापात होते, तीन-चार वर्षांची होते, तेव्हा तिनं मला झोपू दिलं आणि मी झोपले, त्याचं मला वाईट वाटत नाही. तिची कंबर दुखत होती ती बारा-तेरा वर्षं मात्र मी जागी होते.